लॅपटॉपच्या कळांवर आलाप : सा कुठे ठेवायचा?

शाईदौत

मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका छापखान्यात मराठी अक्षरजुळणी करते. इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीवर चौदा वर्षं झाली. कळफलकाकडे बघावं लागत नाही, डोळे हस्तलिखितावर आणि बोटं आपापली चालू असतात. लहानपणी मिरजेत पेटी शिकले, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या, मग नोकरी लागली आणि पुण्याला आले. पेटी मिरजेच्या घरीच आहे. इथे माझी खोली माडीवर, आणि बरोबर खाली घरमालकीणबाईंची सहा महिन्यांची नात झोपते. मला वेळ मिळतो तो रात्री साडेदहाला. पेटी आणली तरी तेव्हा वाजवणार कशी?

दोन महिन्यांपूर्वी लॅपटॉपवर व्हीएमपीके नावाचा मोफत प्रोग्रॅम घातला. कळ दाबली की सूर वाजतो, एवढंच त्याचं काम. पहिल्या रात्री उठले तेव्हा दीड वाजला होता. कानात हेडफोन, बाहेर नुसती कळांची टकटक, आणि आत भूप. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. म्हणून आता हे नीट करायचंय.

ठरलेलं गाणं बसवायचं नाहीये. आलाप करायचाय, सुचेल तसा, सापडेल तिकडे जात. आणि तिथेच अडते. खालच्या ओळीत झेडपासून मंद्र सप्तक आणि वरच्या ओळीत क्यूपासून मध्य सप्तक, अशी त्या प्रोग्रॅमची मूळची मांडणी. यमनाचा नि-रे-ग घ्यायचा तर मंद्र निषाद खालच्या ओळीत एमवर, रे थेट वरच्या ओळीत डब्ल्यूवर, आणि तीव्र मध्यम आकड्यांच्या ओळीत पाचवर. बोट पोचेपर्यंत सुचलेलं निघून जातं. सा-ग-प एकदम धरले तर कधीकधी तिसरा सूर वाजतच नाही. कळ दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो, लय धरली की ते फार टोचतं. मराठी चालू राहिलं असेल तर एकही सूर वाजत नाही. आणि सगळे सूर सारख्याच जोराने वाजतात. पेटीवर डाव्या हाताने भाता आवरता येतो, इथे डाव्या हातालाही कळाच आहेत.

यातलं कशाला इलाज आहे आणि कशाशी जमवून घ्यायचं? विकतचा पियानोसारखा कीबोर्ड घ्या असं कृपया सांगू नका. माझी बोटं या कळांना ओळखतात, मला याच कळांवर वाजवायचंय.


ओहममीटर

कळफलक दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो.

तिसरा सूर गिळला जातो ते प्रोग्रॅममुळे नाही. कळांच्या खाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि एक चिप ती सतत तपासते. जाळीत चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले की चिपला चौथाही दाबल्यासारखा दिसतो. खोटं अक्षर उमटू नये म्हणून ती तिसरी कळ सोडून देते. कुठल्या तीन कळा अडतील हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. नोटपॅड उघडून हव्या त्या तिन्ही कळा एकदम दाबा, जेवढी अक्षरं उमटली तेवढेच सूर वाजणार. गेमिंगच्या चांगल्या कळफलकांत प्रत्येक कळेला स्वतंत्र डायोड असतो, तिथे ही अडचण येत नाही. दोन कळा मात्र कुठल्याही कळफलकावर बिनचूक जातात, आणि आलापाला याहून जास्त कधी लागतात?

उशीर दोन जागी होतो. विंडोजमध्ये आधीपासून असलेला मिडीचा (म्हणजे संगणकाला सुरांचे हुकूम देण्याच्या पद्धतीचा) बाजाच आवाज उशिरा देतो. व्हीएमपीकेच्या सेटिंगमध्ये तो बदलून फ्लुइडसिंथ हा दुसरा बाजा निवडा. आणि हेडफोन ब्लूटूथचा असेल तर तो बाजूला ठेवून वायरचा घ्या, ब्लूटूथमध्ये सेकंदाचा दहावा भाग सहज जातो, पुष्कळदा जास्तच. आवाजाचा बफर, म्हणजे वाजण्याआधी साठणारा तुकडा, २५६ नमुन्यांचा आणि वेग सेकंदाला ४८००० नमुने ठेवला तर त्या टप्प्यावर ५.३ मिलिसेकंद लागतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका ऐकण्याइतका. तेवढा कानाला चालतो.

मराठी चालू असताना वाजत नाही, कारण प्रोग्रॅम अक्षर वाचतो, कळ वाचत नाही. सेटिंगमध्ये कच्चा कळफलक वाचण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. मग भाषा कुठलीही असो.


पायपेटी

शाईदौतताई, तुमचा सा चुकीच्या कळेवर आहे. बाकी सगळं त्यानंतर.

एफ आणि जे या कळांवर बारीकसा उंचवटा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. अक्षर कुठलंही मारा, डावी तर्जनी एफवर परत येते. चौदा वर्षं येते आहे. आलापातही कुठेही गेलं तरी परत येण्याची जागा सा. मग तो त्या उंचवट्यावरच ठेवा.

व्हीएमपीकेमध्ये कळांचा नकाशा आपला आपण करता येतो. मधल्या ओळीत ए मंद्र पंचम, एस मंद्र धैवत, डी मंद्र निषाद, एफ सा, जी रे, एच ग, जे तीव्र मध्यम, के प, एल ध, पुढची अर्धविरामाची कळ नि, तिच्या पुढची तार सा. हा नकाशा मी शोधलेला नाही. अ‍ॅपलच्या गॅरेजबँड या संगीताच्या प्रोग्रॅममध्ये ए म्हणजे पांढरी एक धरतात, त्यामुळे मधली ओळ म्हणजे पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या आणि एफ म्हणजे पांढरी चार. पांढऱ्या पट्ट्यांवरच मध्यमाला सा मानलं की कल्याण निघतो, हा खेळ पेटी शिकलेल्या प्रत्येकाने लहानपणी केलेला असतो. इथे तोच आहे. तुमचा नि-रे-ग आता डी, जी, एच. तीव्र मध्यम जेवर, म्हणजे उजव्या हाताच्या उंचवट्यावर. यमन, भूप आणि शुद्ध कल्याण मधल्या ओळीवरून हलतच नाहीत.

वरच्या ओळीत टी कोमल रे, वाय कोमल ग, यू शुद्ध मध्यम, ओ कोमल ध, पी कोमल नि. डाव्या बाजूला डब्ल्यू आणि ई हे मंद्रातले कोमल ध आणि कोमल नि. भैरवी घेतलीत तर सा आणि प सोडून सगळी बोटं वर जातात, आणि त्या चढण्यामुळे भैरवीचा हात वेगळाच होतो. तुम्ही काळी चारला गात असाल तर ट्रान्सपोज ३ करा, म्हणजे सगळेच सूर तीन पट्ट्या वर सरकतील, नकाशाला हात लावायला नको.

आता जोराबद्दल. या कळेला दोनच अवस्था, दाबलेली किंवा सुटलेली. पियानोचा आवाज लावून बसलात तर त्यात रोज काहीतरी कमी वाटत राहणार, कारण पियानोचा जोर बोटात असतो. पेटीची पट्टी मात्र अशीच आहे. कितीही जोरात मारा, सूर तेवढाच. पेटीचा जोर हवेत आहे. म्हणून इथे पियानो विसरा आणि पेटीचा, ऑर्गनचा आवाज घ्या. जनरल मिडीच्या यादीत २१ व्या क्रमांकाला रीड ऑर्गन आहे, तिथून सुरुवात करा.

आणि भाता पायात घ्या. मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो, जत्रेच्या नाटकांना पायाच्या ऑर्गनवर साथ करतो. दोन्ही हात कळांवर आणि हवा पायात, हे मला सवयीचं. फ्रान्सच्या डबेंचं १८४२ सालचं मूळ हार्मोनियमही पायानेच भाता मारायचं होतं, हाताचा भाता पुढे कलकत्त्यात आला. तर मी एक जुना माऊस पायाखाली घेतला. चक नावाची संगीतासाठीची मोफत प्रोग्रॅमिंग भाषा आहे, प्रिन्स्टन विद्यापीठात गे वांग आणि पेरी कुक यांनी तयार केलेली. तिथे २००५ साली लॅपटॉपचा वाद्यवृंद सुरू झाला, आणि लॅपटॉपच्या अंगच्याच कळा, ट्रॅकपॅड वगैरेंतून वाद्य कसं करायचं यावर त्यांच्यातल्या तिघांनी २००७ साली निबंधही लिहिला. चकमधून माऊसची हालचाल थेट वाचता येते. मी 'हवा' नावाचा एक आकडा ठेवला, ० ते १२७. माऊस पुढेमागे सरकला की हवा भरते, काही केलं नाही तर दोन सेकंदांत गळून जाते. तो आकडा मिडीच्या ११ व्या कंट्रोलवर, म्हणजे एक्स्प्रेशनवर, सतत पाठवायचा. पंचवीस-तीस ओळींचं काम आहे, तुम्हाला फाईल पाठवतो.

हे मी नुसत्या जोरासाठी सांगत नाही. तुम्ही म्हणता सुचलेलं निघून जातं. माझं उलट व्हायचं. कळा थकत नाहीत, सूर अखंड वाजतो, त्यामुळे मी थांबतच नव्हतो. एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी, तासभर बोटं फिरायची आणि एकही जागा लक्षात राहायची नाही. हवा संपायला लागली तेव्हा वाक्याला शेवट आला. आता हवा दोन सेकंदांची आहे, ती कुठे ठेवू, हे मनात यायला लागलं. मग एखाद्या गंधारावर नुसतं थांबावंसंही वाटतं. वाऱ्याच्या वाद्याला हे आपसूक मिळतं, गळ्याला तर आहेच. इथे ते मुद्दाम घालावं लागतं.

अजून एक, हे पेटीवरही मिळत नाही. सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारा प्रोग्रॅम घ्या, व्हीएमपीकेचे सूर लूपमिडी या जोडणाऱ्या प्रोग्रॅममधून त्याच्यात न्या. त्यात एका वेळी एकच सूर, आणि कळ धरलेली असताना दुसरी दाबली तर घसरत जाईल, अशी रीत निवडता येते. मग एफ धरून ठेवा आणि जी टिचकीसारखी मारा. सूर सा-वरून रे-ला जाऊन आपोआप सा-वर येतो, कारण एफ अजून दाबलेलीच आहे. एच धरून जे आणि के अशाच पाठोपाठ मारल्या की मुरकी निघते. घसरण्याचा वेळ थोडा वाढवला की मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याच्या, जवळ जाणारं काहीतरी मिळतं. मींड म्हणणार नाही मी त्याला, पण कान तिकडे वळतो.


सुट्टे_सूर

मी याहून सोपं करतो. भूप वाजवायचा तर फक्त पाचच सूर कळांना द्यायचे, बाकी सगळ्या कळा मुक्या. डोळे मिटून कुठेही हात फिरवा, वर्ज्य स्वर लागतच नाही. चुकायची भीती गेली की सुचायला लागतं. माझी आठ वर्षांची मुलगी असं अर्धा तास वाजवते आणि ऐकत राहावंसं वाटतं.


मंद्रपंचम

सुट्टे सूर, लहान मुलीसाठी हे फार छान. तिला असंच वाजवू द्या. शाईदौत यांनी मात्र तसं करू नये.

मी गाणं शिकवते. भूप आणि देशकार, दोघांचे सूर तेच पाच. सा रे ग प ध. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार, देशकाराचा धैवत. भूप पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, मंद्राकडे बघत चालतो, देशकार उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात, वरून खाली येतो. पाच कळा ठेवल्या आणि वर्ज्य स्वर मुके केले तरी तुम्ही भूपात आहात की देशकारात हे यंत्राला कळत नाही. चूक सुरात असती तर यंत्राने अडवली असती. ती असते कुठे थांबलात आणि कुठून वळलात त्यात. शिवाय मध्यमाची कळ बोटाखाली असताना ती न दाबणं, हा हात तयार व्हायला हवा. गंधारावरून पंचमावर उडी मारताना मधली कळ ओलांडली जाते, ते ओलांडणं बोटाला कळलं पाहिजे.

पायपेटी, पायातल्या हवेचं पटलं, मनापासून. गंधाराकडे मात्र लक्ष द्या. संगणकाचे सूर समान अंतरांचे असतात, त्यात गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर (शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तानपुऱ्यातून ऐकू येतो तो ३८६ वर. तानपुरा लावून गंधारावर लांब थांबलं की ते १४ सेंट चढे लागतात, आणि तुम्ही तर थांबायलाच सांगताय. सर्जमध्ये स्वरांतरांची वेगळी फाईल घालता येते, ती घाला. आमच्याकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरभेदांची, पेटी केली ती याच दुखण्यावर.

आणखी एक विनंती. रोज एकच राग घ्या, महिनाभर. रोज रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना आपण पुढचं शोधत असतो, आपल्याला स्वतःचं ऐकू येत नाही.


पायपेटी

मंद्रपंचमताई, गंधाराचं अगदी बरोबर. एक सावधगिरी : ती फाईल पांढरी एक हा सा धरून स्वर मोजते. काळी चारला वाजवायचं तर मोजणीची मूळ कळही तिथे न्यावी लागते, नाहीतर शुद्ध गंधार भलत्याच पट्टीवर जाऊन बसतो.

मध्ये एका मित्राने मला विचारलं होतं, हे कसलं वाद्य, यात ना मींड ना श्रुती. पेटीबद्दल हेच बोललं गेलंय. आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली आणि १९७१ पर्यंत ती बंदी टिकली. कारणं हीच होती, आणि त्यांत तथ्यही होतं. पण त्याच काळात गोविंदराव पटवर्धन नाट्यसंगीतात पेटीवर गात होते, आणि आमच्या बोरीचे तुळशीदास बोरकर पेटी पुढे नेत होते. पट्टीला मींड नाही हे दोघांनाही माहीत होतं. बोटाने, हवेने, कणस्वरांनी त्यांनी काय करून ठेवलंय ते आपण ऐकतोच. मी त्यांच्या पायाशीही बसण्याच्या लायकीचा नाही, पण रस्ता त्यांनीच दाखवलाय. हातातल्या वस्तूला जे येतं त्यातूनच सूर काढायचा.


शाईदौत

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार. ओहममीटर यांच्या सांगण्यावरून वायरचा हेडफोन आणला आणि बाजा बदलला, उशीर जवळजवळ गेला. मराठी आता बंद करावं लागत नाही.

सा एफवर नेला. इनस्क्रिप्टमध्ये ती ऱ्हस्व वेलांटीची कळ. पहिले चार दिवस फार जड गेले, कारण माझी बोटं अक्षरांत विचार करतात. गंधार पडला प च्या कळेवर आणि पंचम क वर. पंचम हवा की बोट प वर जायचं आणि गंधार वाजायचा. ग ची कळ तर नकाशात रिकामीच आहे. पाचव्या दिवशी छापखान्यात 'पत्र' शब्द जुळवत होते, प, त, हलन्त, र. एकदम कानात ग-ध-नि-म ऐकू आलं, तो मध्यम तीव्र आणि नि मंद्रातला. कवितेचं पुस्तक होतं, त्या पानभर मला सूर ऐकू येत राहिले. काम हळू झालं त्या दिवशी. पण त्यानंतर रात्री बोट चुकलं नाही.

पायपेटीदादा, तुमची फाईल चालली. माऊस जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवलाय, म्हणजे लाकडी जमिनीवर घासत नाही आणि खाली काही ऐकू जात नाही. पहिल्या दिवशी पाय आणि बोटं एकमेकांना अडवत होती. आता हवा भरायची ती जी-एच अशी बोटं फिरत असताना, आणि एफवर आल्यावर पाय थांबवायचा, सा आपोआप विझू द्यायचा. सा असा विझताना मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मिरजेला पेटीवर हे करायचे मी, डावा हात सैल सोडून. विसरूनच गेले होते.

रोज भूप घेतला, रोज रेकॉर्ड केलं. अकराव्या रात्रीचं मिरजेच्या माझ्या बाईंना पाठवलं, त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं : "तिसऱ्या मिनिटाला धैवतावर फार वेळ बसलीस, तिथे देशकार झाला. पुढे परत भूपात आलीस ते गंधारामुळे." मंद्रपंचमताई, तुम्ही लिहिलं होतंत तेच. परत ऐकलं तर खरंच, माझ्या उजव्या हाताची अनामिका एलवर असते आणि तिथे बोट आरामात बसतं, म्हणून मी धैवतावर थांबते. गंधार एचवर आहे, तिथे तर्जनी जेवरून आत सरकवून धरावी लागते. हाताची सोय मला दुसऱ्या रागात घेऊन जात होती. आता एचवर थांबण्याचाच रियाज करतेय, नुसता गंधार, पाय सावकाश.

एक प्रश्न राहिला. मंद्रात शिरले की दोन सेकंदांची हवा अपुरी पडते. ए आणि एसवर मला खूप थांबावंसं वाटतं आणि पाय सारखा हलवावा लागतो. गळती तीन सेकंदांची करू का?


पायपेटी

सगळ्या सुरांना तीन करू नका, वर जाल तेव्हा सैल वाटेल. खऱ्या पेटीत मंद्राची आतली रीड (पितळी जिभली) मोठी असते, तिला हवा जास्त लागते, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या उलट. पण हे आपलं वाद्य आहे, पेटीची नक्कल करायलाच हवी असं नाही. फाईलमध्ये गळतीची ओळ आहे, तिथे सूर सा-च्या खाली असेल तर तीन सेकंद, नाहीतर दोन, अशी अट घालतो. उद्या रात्री पाठवतो. तोवर ए-वरचा पंचम पायाने भरत राहा, आणि अकराव्या रात्रीचा तो भूप इथेही टाका. देशकारासकट.